भूकंपराव

भूकंपरावांनी दुकानात काही मागितलं, की दुकानदाराला पुढे वाकून कान द्यावा लागे. आवाज तसा, आणि चाल त्याहून हलकी. पाठीमागे येऊन उभे राहिले तर माणूस दचकायचाच. अशा माणसाला असं नाव पडलं ते बायकोच्या थोरल्या भावामुळे. लग्नाची बोलणी करायला आलेल्या त्या भावाने विचारलं, "नोकरी कसली म्हणालात?" यांनी मान खाली घालून सांगितलं, "भूकंप मोजतो." भाऊ असा हसला की हातातला चहा त्याच्या शर्टावर सांडला. "म्हणजे भूकंपरावच की तुम्ही!" झालं. ते नाव आधी सासरी रुळलं, मग गल्लीत, मग पोस्टमनच्या तोंडी. खरं नाव खात्याच्या कागदांपुरतं उरलं.

नोकरी खरोखर तशीच होती. शहरातून उत्तरेला बर्फाची जी उंच रांग दिसायची, तिच्या ऐन कुशीत, झाडं संपतात त्याच्याही वर, भूगर्भ खात्याचं एक ठाणं होतं. ठाणं कसलं, दोन दगडी खोल्या, आणि हाकेच्या अंतरावर कातळात खणलेली एक कोठी. कोठीत सिमेंटचा चौथरा, चौथऱ्यावर भूकंपमापक. चौथरा थेट मूळ खडकावर बसवलेला, म्हणजे डोंगर हलला की यंत्र हलणार. यंत्राची तार खोलीतल्या एका ढोलापर्यंत आलेली होती. ढोलाला कागद गुंडाळलेला, आणि त्यावर एक बारीक लेखणी अखंड रेघ ओढत असायची. रेघ सरळ असली की जमीन शांत. थरथरली की कुठेतरी काहीतरी सरकलं.

यंत्र भलतंच हळवं. जगाच्या पार दुसऱ्या टोकाचा धक्का त्याला कळायचा, पण त्याच हळवेपणाने त्याला नको तेही सगळं कळायचं. दाराशी कुणी लाकूड फोडलं तरी रेघ उड्या मारायची. म्हणून जागाच अशी निवडलेली होती की जवळपास रस्ता नको, गिरणी नको, धबधबा नको, आणि खरं तर माणूसही नको. बॅटऱ्या बदलायला, कागद बदलायला, घड्याळ तपासायला एकाला ठेवणं भागच होतं, म्हणून एकाला ठेवलं होतं. ते म्हणजे भूकंपराव.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बायको हौसेने वर राहायला आली. येताना तिने खलबत्ता आणला, पितळी भांडी आणली आणि गाणं म्हणत कामं करायची सवयही आणली. दुसऱ्याच दिवशी वायरलेसवर मुख्य कार्यालयातून विचारणा झाली. "काय चाललंय तिकडे? सकाळपासून रेघ का नाचतेय? खाणकाम सुरू झालंय का?"

भूकंपरावांनी बायकोला हळूच सांगितलं, "ते जरा खलबत्त्याचं..."

"मिरे कुटतेय मी, डोंगर नाही कुटत."

"तरी पण. आणि लाकडं पलीकडे, त्या वळणाच्या खाली जाऊन फोडली तर बरं. आणि दार जरा हलक्या हाताने लाव."

तिने आठवडाभर सगळं सांभाळलं. हलकं चालली, हलकं बोलली, कुटायचं ते दगडाने दाबून बारीक केलं. मग एकदा संध्याकाळी म्हणाली, "हे घर आहे की परीक्षेचा वर्ग?" त्यांना हसू आलं, पण ती हसत नव्हती. "मला आवाज करायला आवडतो हो. मी घरात आहे हे मला ऐकू यावं लागतं." उन्हाळा संपायच्या आत ती खाली गेली. भांडण झालं नाही. निरोप द्यायला ते झाडीपर्यंत आले आणि तिची पिशवी खेचरावर नीट बांधून दिली.

त्यानंतर ती शहरातच राहिली, भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत. शिवणयंत्र घेतलं, दवाखान्यांचे अभ्रे, चादरी, परिचारिकांचे गणवेश शिवायला लागली. हे दर उन्हाळ्यात बदली माणूस आला की महिनाभर खाली यायचे. मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत. आधी वाटलं पुढे बघू, आणि पुढे बघता बघता वय निघून गेलं. बदलीसाठी अर्ज करा असं ती सुरुवातीला दोन-तीनदा म्हणाली. त्यांनी केला नाही. का केला नाही, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. वर करमत होतं असं नाही. पण खाली आलं की गल्लीतल्या गलबल्याने त्यांना घेरी आल्यासारखं व्हायचं, आणि मग महिना संपायची वाट बघितली जायची. दोघांकडूनही.

वर त्यांना भेटणारा माणूस म्हणजे एकच, शिधा घेऊन येणारा खेचरवाला. तो पंधरवड्याने यायचा, खेचरं खालच्या वळणाशी बांधायचा आणि गोण्या पाठीवर घेऊन उरलेला चढ स्वतः चढायचा. "साहेब, तुमच्या यंत्रापायी मीच खेचर झालो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोलायला लागला की थांबायचा नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची गाय दरीत गेली, कुठल्या पुलाचा ठेकेदार पळाला. भूकंपराव ऐकत बसायचे. तो उतरून गेला की त्याचे शब्द दोन दिवस खोलीत राहायचे, मग तेही विरायचे.

आणखी एक बाई एकदाच आल्या होत्या, मुख्य कार्यालयातल्या भूगर्भशास्त्रज्ञ मॅडम. पायांत जड बूट, गळ्यात भिंग, हातात हातोडी. दोन दिवस राहिल्या. त्या दोन दिवसांत भूकंपरावांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्यावर इतकी वर्षं झोपतोय ते नेमकं काय आहे.

झालं असं, की मॅडमनी शिखराच्या धारेवरून एक दगड आणला. त्यात शिंपला होता. शिंपल्याचा दगड झालेला, पण कडांच्या रेषासुद्धा शाबूत. "काका, हे समुद्राच्या तळाला होतं," त्या म्हणाल्या.

"इतक्या वर?"

मॅडमनी जमिनीवरची सतरंजी दोन हातांनी समोर ढकलली. तिच्या वळ्या पडल्या. "खालची जमीन उत्तरेकडे सरकतेय. वर्षाला बोटभरसुद्धा नाही, आपली नखं वाढतात तेवढीच. पण थांबत नाही. पलीकडच्या जमिनीखाली ती घुसतेय, आणि घुसताना तिच्यावरचे थर सोलले जातात. आधी अशा वळ्या पडतात. वळी सोसेना झाली की तुटते, आणि तुटलेला थर पुढच्या थरावर चढतो. तुम्ही घरावर कौलं पाहिलीत ना, एकावर एक चढवलेली? तशी ही रांग आहे. म्हणून इथे जुना खडक वर सापडतो आणि नवा त्याच्या खाली. तुमची कोठी ज्या खडकात आहे तो खालच्या खोऱ्यातल्या खडकापेक्षा कितीतरी म्हातारा आहे. खोलातून ढकलला जाऊन त्याच्यावर चढलाय."

भूकंपराव सतरंजीकडे बघत राहिले. "मग आता अडचण काय आहे?" त्यांनी विचारलं. शास्त्रज्ञ बाई एवढ्या लांब आल्या म्हणजे काहीतरी अडचण असणार, असं त्यांना वाटलं.

मॅडम हसल्या. "अडचण अशी की कौलं मला वरून दिसतात. पण ती सगळी जिच्यावरून घसरत आली, ती खालची उतरण मला दिसत नाही. ती सरळ एकसारखी खोल जाते, की मध्ये कुठे मोठी पायरी आहे? पायरी असेल तर ती याच शिखरांच्या खाली असणार, कारण नाहीतर ही शिखरं इतकी उंच का? पण तिथवर खणणार कोण?"

"मग?"

"जिथे घासतं तिथे धक्का बसतो. प्रत्येक धक्का म्हणजे नकाशावर एक ठिपका. पुरेसे ठिपके जमले की त्यांची रेघ दिसते. लांबच्या ठाण्यांवरून धक्का कुठे झाला ते कळतं, पण किती खोल झाला ते कळायला यंत्र त्याच्या डोक्यावरच असावं लागतं. ते तुमचं एकट्याचं आहे."

मॅडम गेल्यावर भूकंपरावांनी सतरंजी झटकून परत अंथरली. पण त्या दिवसापासून त्यांचं कामाकडे बघणं बदललं. कागद काढताना ते रेघेवरची बारीक थरथर बोटाने दाखवायचे, समोर कुणी नसताना. बर्फ पडून वाट बंद झाली की महिना-महिना त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि वायरलेसवर बोलायची वेळ आली की आधी खाकरून आवाज शोधावा लागायचा. पण पाठ टेकली की वाटायचं, खाली कुठेतरी ती उतरण आहे. सोबत म्हणावी अशी ती गोष्ट नव्हती. पण काहीच नव्हतं असंही नव्हतं.

मोठा भूकंप आला तेव्हा ते कोठीतून परत येत होते. दुपार होती, आभाळ निवळ. आधी पायांखालून गाडी गेल्यासारखा आवाज आला, आणि ते खाली बसले की पडले हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. समोरचा डोंगर बादलीतल्या पाण्यासारखा हलत होता. मग खोऱ्याखोऱ्यांतून धूळ उठली. दरडी इतक्या ठिकाणी एकदम सुटल्या की आवाज वेगळे ओळखू येईनात. थांबलं तेव्हा ते उठले, अंगावरची माती न झटकताच खोलीकडे धावले. एका भिंतीला उभी भेग गेली होती. बॅटऱ्यांची फळी कोसळली होती, घड्याळ बंद, लेखणी कागदाबाहेर लटकत होती. त्यांनी बॅटऱ्या जोडल्या, घड्याळ लावलं, लेखणी बसवली. ती बसते न बसते तोच परत नाचायला लागली.

वायरलेस लागला तेव्हा पलीकडे मॅडमचाच आवाज होता. "काका! तुम्ही आहात? यंत्र?"

"चालू आहे."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग मॅडम म्हणाल्या, "जवळचं दुसरं एकही ठाणं जिवंत नाही. याच्या मागून धक्के आता येतच राहतील, शेकड्यांनी. तुम्ही अगदी डोक्यावर आहात. काका, काहीही झालं तरी ते बंद पडू देऊ नका."

"आमच्या शहरात..."

"विचारते. थांबा."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "घरं पडलीत, पण तुमच्या भागात जीवितहानी नाही. सगळे मैदानात बाहेर आहेत."

भूकंपरावांचा जीव भांड्यात पडला. जे सांगितलं ते त्या घटकेला अगदी खरं होतं.

मग ते कामाला लागले. कागद एरवी दिवसाला एक पुरायचा, तो आता तीन-चारदा बदलावा लागत होता. भिंत पडेल म्हणून त्यांनी ढोल, लेखणी, बॅटऱ्या सगळं ताडपत्रीखाली बाहेर हलवलं. धक्के येतच होते, मोठे, लहान. झोप लागायची ती बसल्या बसल्या. मनात मात्र अपराधासारखी एक गोष्ट होती. त्यांना भीती वाटत नव्हती, बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांची कुणाला तरी इतकी गरज होती.

काही दिवसांनी खेचरवाला आला. एकटाच, चालत, हात सोललेले. त्याने आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. दरड आली तेव्हा खेचरं दावणीलाच होती. ती सगळी गेली. पाणी पिऊन तो म्हणाला, "मी शहरात उतरतोय. बहीण आहे माझी तिकडे. चला, साहेब. वाट नाही, पण दोघं असलो तर जमेल."

"मी कसा येऊ?" भूकंपरावांनी ढोलाकडे बोट दाखवलं. "घरी ठीक आहे सगळं. विचारलंय मी."

खेचरवाल्याने ढोलाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला, आणि निघाला.

तो परत आला ते त्यांच्यासाठी. बहिणीला बघून, दोन दिवस तिच्याकडे थांबून, तो तसाच उलट वर चढून आला होता. त्या बडबड्या माणसाने पहिल्यांदाच मोजून शब्द वापरले. "वहिनींचा पाय गेलाय भिंतीखाली. भूकंपात नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. शिवणयंत्र आणि लोकांचं कापड काढायला आत गेल्या होत्या. तेवढ्यात एक धक्का आला. त्यांच्या भावाने निखळलेल्या दारावर घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचलाय. पाय कापला नाही, पण कसा राहील सांगता येत नाही. जा तुम्ही. बॅटऱ्या मी बदलतो. इतकी वर्षं बघतोय, एवढं येतं मला."

भूकंपराव ताडपत्रीखालून उठले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. वाटभर ते एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते, त्या सकाळचा तो धक्का. आला तेव्हा आपण काय करत होतो? पण इतके आले होते, की आठवेना.

बायको भावाच्या घरी होती, खिडकीजवळच्या खाटेवर. पायाला लोखंडी सळ्या. केस कुणीतरी नीट विंचरून दिले होते. हे दारात येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नाही, नेहमीसारखं. भाऊ पाणी घेऊन आला तेव्हा तिने मान वळवली.

"आलात?" ती म्हणाली. "बसा."

ते बसले. शेवटी तिनेच विचारलं, "तुमचं यंत्र ठीक आहे ना?"

हे टोमणा म्हणून विचारलं की खरंच, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. दूरचा धक्का कुठल्या बाजूने आला हे ते रेघेवरून ओळखायचे, पण या चेहऱ्याशी त्यांची तेवढी ओळख राहिली नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले.

मेहुणा एका शब्दाने बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याने त्यांना भूकंपराव म्हणणं सोडलं. "अहो", "तुम्ही", एवढंच. गल्लीत बाकी सगळे म्हणत राहिले; त्यांना काय माहीत. ज्याने नाव दिलं त्याने ते मागे घेतलं हे फक्त या दोघांना ठाऊक होतं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना पुष्कळदा वाटलं.

त्या वर्षी त्यांनी बदलीचा अर्ज केला. मंजूर व्हायला वेळ लागला, पण झाला. तोवर ठाण्यावर माणसाची गरजच उरली नाही. सूर्याच्या उजेडावर चालणारं नवं यंत्र बसलं, ते आपली खबर आपणच आकाशातून पाठवायचं. भूकंपरावांना शहरातल्या कार्यालयाच्या भांडारात बसवलं, आणि ते कायमचे खाली आले.

खाली दोन खोल्या नव्याने बांधल्या होत्या. बायको आता एका बाजूला झुकत चालायची. एक पाय आखूड झाला होता. तिचा दिवस पक्का ठरलेला. सकाळी कापड बेतायचं, दुपारी यंत्र, संध्याकाळी शेजारणी यायच्या आणि दारात हसण्या-बोलण्याचा बाजार भरायचा. हे घरी आले की बाजार उठायचा. कुणी सांगायचं नाही, पण उठायचा. मग हे मुद्दाम वाकडी वाट करून उशिरा यायला लागले.

त्यांच्या चालण्याचा तिला जाच व्हायचा. कात्री हातात असताना हे मागे येऊन उभे राहायचे. "अगं आई!" ती ओरडायची. "खाकरत तरी जा! एक दिवस जीव जाईल माझा." मग ते खाकरायला शिकले. दारातून आत येताना एकदा, स्वयंपाकघरात शिरताना एकदा. पण सवयीचं नसल्यामुळे ते खाकरणं असं यायचं, की तिला वाटायचं काहीतरी मागायचंय. "काय हवंय?" ती विचारायची. "काही नाही," ते म्हणायचे. दिवसातून चार-पाच वेळा हेच. पुष्कळदा तेवढंच बोलणं.

पायाने यंत्र चालवणं तिला जमत नव्हतं. एका हाताने चाक फिरवून दुसऱ्या हाताने ती कापड सरकवायची. त्यांनी बाजारातून एक छोटी मोटर आणून यंत्राला बसवली. दोन रविवार खपले. तिने चालवून बघितलं. "चांगलं चालतंय," म्हणाली. आणि मग बऱ्याच वेळाने, टाके घालता घालता, "आवाज फार कमी आहे याचा."

मॅडमचा निरोप आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. शहरातल्या महाविद्यालयात व्याख्यान होतं. काकांनी यायलाच हवं. भूकंपरावांनी घरी नुसतं सांगितलं. बायकोने सुईतला दोरा तोडला. "मीही येते."

"तिथे पायऱ्या आहेत पुष्कळ."

"मग सावकाश चढू."

सभागृह अर्धं भरलं होतं. ही दोघं मागच्या रांगेत बसली. दिवे मंद झाले आणि पडद्यावर डोंगररांग आली, सुरीने केक कापावा तशी उभी कापलेली. वर बर्फाची शिखरं, खाली एकावर एक चढलेले वाकलेले थर, कौलांसारखे. आणि त्यांच्याही खाली लाल ठिपके. हजारो. पायथ्याखालून ते जवळजवळ आडवे येत होते, आणि ऐन शिखरांच्या खाली आल्यावर एकदम तिरके खोल उतरत होते. पायरी. कुणालाही दिसावी इतकी स्पष्ट.

"हे शिखर इथे उभं आहे ते या पायरीमुळे," मॅडम सांगत होत्या. "खालची जमीन इथे वाकून खोल जाते आणि वरचे थर या चढावरून ढकलले जातात. मोठ्या भूकंपानंतरच्या पहिल्या दिवसांचे, धक्क्यांच्या खोलीचे हे आकडे आपल्याला मिळाले ते एकाच ठाण्यामुळे. तिथले राखणदार आज इथे बसले आहेत." लोकांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. भूकंपरावांनी मान खाली घातली. कान तापले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांनी बायकोकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पडद्याकडे बघत होती.

व्याख्यान संपलं, लोक पांगले. बायको उठली आणि झुकत झुकत थेट मॅडमजवळ गेली. भूकंपराव तिच्या मागून.

"यातला माझा कुठला?" तिने विचारलं.

मॅडमना कळलं नाही.

"मोठा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक आला होता. नुकता चहा झाला होता सगळ्यांचा. त्यात माझा पाय गेला. तो आहे का यात?"

मॅडमनी भूकंपरावांकडे बघितलं. मॅडमना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मग त्या संगणकापाशी बसल्या. पडद्यावरचे ठिपके एकेक पुंजक्याने विझत गेले, आणि शेवटी काळ्या डोंगरात एकच लाल ठिपका उरला. जिथे आडवी रेघ वाकून खाली वळते, नेमका त्या वाकणात.

"त्या वेळचा मोठा म्हणावा असा हाच," मॅडम म्हणाल्या.

बायको पडद्यापाशी गेली. तिने बोट लावलं तेव्हा डोंगराचे थर तिच्या हातावर पडले. "एवढासा," ती म्हणाली. मग मान न वळवता, "याच्यामुळे तुम्हाला काही कळलं?"

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "एकट्या याच्यामुळे नाही. पण हाही त्यात आहे." मग म्हणाल्या, "काकांना तिथे थांबायला मी सांगितलं होतं."

"हो," बायको म्हणाली. "तुम्ही सांगितलंत. थांबले ते." आवाजात राग नव्हता. कापडाचं माप सांगावं तसं तिने सांगितलं.

पायऱ्या उतरताना त्यांनी हात पुढे केला. तिने कठड्याला धरलं, आणि दोघं सावकाश खाली आली. संध्याकाळची वेळ होती, दुकानांत नुकते दिवे लागत होते. रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "तिथे दिवसभर करायचात काय हो तुम्ही?"

इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. भूकंपराव सांगायला लागले. सकाळी कागद बदलायचा. कोठीत जाऊन ओल बघायची. बॅटऱ्यांत पाणी घालायचं. हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ काढायचा, पण फावड्याने नाही, हाताने, आवाज नको म्हणून. दुपारी बटाटे उकडायचे. खेचरवाला आला तर त्याचं ऐकायचं. मॅडमनी आणलेला शिंपल्याचा दगड खिडकीत ठेवला होता, तो कधी कधी हातात घ्यायचा. ते आठवून आठवून सांगत होते, एरवीपेक्षा मोठ्याने, रस्त्यावर वाहनं होती म्हणून. ती त्यांच्या बाजूने झुकत चालत होती आणि ऐकत होती.

सगळं सांगून झालं तेव्हा दोघं अजून वाटेतल्या औषधाच्या दुकानापर्यंतही पोचली नव्हती. घर तिथून बरंच पुढे होतं.

"एवढंच?" तिने विचारलं.

त्यांनी पुष्कळ विचार केला. "एवढंच," ते म्हणाले.

उरलेली वाट दोघं सावकाश चालली. गल्लीच्या तोंडाशी ती पुढे झाली, कारण किल्ली तिच्याकडे होती. दुसरी किल्ली करून घ्यायचं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. ती कुलूप काढेपर्यंत भूकंपराव खालच्या पायरीवर उभे राहिले. उद्या द्यायच्या चादरी होत्या, त्यामुळे आत जाऊन तिने आधी यंत्रावरचा दिवा लावला.